गोठ्यातल्या ठोकळ्याची खंडेनवमी

हात धुऊन बसलात का मित्रांनो? नसतील धुतले तर अजून चांगलं. धुतलेल्या हातांची मला सवयच नाही. शेण, पेंड, दूध आणि गाईची लाळ, एवढं सगळं अंगावर घेऊन मी आयुष्य काढलंय. तेव्हा माझ्याकडून फार सोवळ्या गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. नाकाला रुमाल लावायचा असेल त्यानं आत्ताच लावा.

कंपनीनं मला दिलेलं नाव लांबलचक आहे, नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. ते मलाच पाठ नाही, तुम्हाला कुठून सांगू? अख्खं कॉलेज मला 'ठोकळा' म्हणतं. बघाल तर तुम्हीही तेच म्हणाल. अर्ध्या विटेएवढा मी. काळा, जाड, पोटावर बटणांच्या रांगा, वर छोटासा पडदा आणि डोक्याला लाल दिवा. गाईच्या कानातला पिवळा बिल्ला तुम्ही बघितला असेल. त्या बिल्ल्यासमोर मला धरून बटण दाबलं की मी म्हणतो 'टूंक', आणि कोणती गाय ते लगेच ओळखतो. मग तिनं किती दूध दिलं ते माझ्या बटणांवर दाबायचं. मी ते वायफायवरून कॉलेजच्या मोठ्या कॉम्प्युटरला कळवतो. झालं माझं काम. दिसायला येडबंबू, पण काम एक नंबर.

जन्म माझा परदेशातल्या कुठल्यातरी कारखान्यातला. तिथलं बाकी काही आठवत नाही. एका माणसानं मला मुद्दाम डोक्याएवढ्या उंचीवरून फरशीवर पाडलं, तेवढं मात्र पक्कं लक्षात आहे. आपल्याकडं बाळ जन्मलं की घुटी देतात, तिकडं आपटतात! मी खाली पडलो, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि म्हणलं, 'टूंक.' तो माणूस खूश. त्याच्या मनात आलं असेल, जा बाबा, तू कुठंही नांदशील.

आणि नांदायला मी आलो कुठं, तर तिसगावकडून शेवगावला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शेती कॉलेजात. आजूबाजूला ज्वारी, कपाशी, खडकाळ माळ आणि मधेच ही कॉलेजची झाडी. मागच्या बाजूला जनावरांचा गोठा. गाई, म्हशी, आणि आता मी.

सुरुवातीला माझा काय थाट होता म्हणून सांगू! पहिल्या दिवशी हार घातला, नारळ फोडला, पाहुणे बोलावले. प्रमुख पाहुण्यांच्या कोटावर कॉलेजनं छापलेला बिल्ला लावलेला होता. कुणा टारगट पोरानं गर्दीतून मला हळूच त्या बिल्ल्यासमोर धरलं आणि बटण दाबलं. मी इमानदार यंत्र. पडद्यावर ठळक लिहून दिलं: 'ही गाय नोंदलेली नाही.' पाहुण्यांचं भाषण चालू होतं जोडधंद्यावर, आणि मागच्या रांगा पोट धरून हसत होत्या. पाहुण्यांना वाटलं, काय आपला विनोद जमलाय! त्यांनी तोच विनोद परत सांगितला.

पण माझं खरं नशीब उघडलं ते गोजरबाईच्या हातात आल्यावर.

गोजरबाई आमच्या गोठ्यावर धारा काढायला लागली, त्याआधी ती आणि तिचा नवरा गोरक्ष ऊस तोडायला जायचे. पावसाळा सरला की गावातून टोळ्या निघतात, फडावर राहतात, पार उन्हाळ्यापर्यंत घरी नाहीत. गोठ्यावरचं काम लागलं तेव्हा गोजरबाईनं हातातला कोयता घरी खुंटीला अडकवला. गोरक्ष गावातच गवंड्याच्या हाताखाली जायला लागला. त्यांची पोरगी पूजा एकाच शाळेत टिकली. औंदा ती दहावीला आहे. आधी तिचं असं व्हायचं, की अर्धं वर्ष शाळा आणि अर्धं वर्ष फडावरची पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी.

गोजरबाईचे हात बघितलेत तर कळेल. वर्षानुवर्षं ऊस तोडून बोटांच्या शेंड्यांची कातडी चपलेच्या तळव्यासारखी झालेली. पण काय हात होते मित्रांनो! चंद्री नावाची आमची गाय, लाथा मारण्यात पटाईत, ती या हातांखाली मांजर व्हायची. आणि माझी बटणं ती न बघता दाबायची, पेटीवाला पेटी वाजवतो तशी. एका हातात मी, एका हातात दुधाची कासंडी, तोंडानं चंद्रीशी गप्पा. तिच्या तळहाताचा खारट घाम माझ्या अंगाला लागायचा, म्हणून चंद्री संधी मिळाली की मला चाटून घ्यायची. खरखरीत जीभ, कपाळापासून बुडापर्यंत! मी आपला गप. गाईला कोण बोलणार?

आता वायफायचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथनंच सुरू झालं.

त्या काळात गोठ्याच्या वायफायला एकच परवलीचा शब्द होता, आणि तो पेंडीच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहिलेला. का, तर कुणी विसरू नये. विसरलं कुणीच नाही. हॉस्टेलची पोरं तर अजिबात नाही! क्रिकेटची मॅच असली की गोठ्यात धारा काढणारे चार आणि लॅपटॉप घेऊन बसलेले पन्नास. म्हशीला टेकून बसायचे. म्हशीच त्या, त्यांना काय, त्यापण रवंथ करत मॅच बघायच्या. विकेट पडली की दूध आटायचं.

मग एका लॅपटॉपमधून शिरली कीड. गोठ्याच्या उघड्या दारातून आत आली आणि चालत चालत ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचली. परीक्षा पुढं गेली, पगार लांबले, सगळ्यांनी एकमेकांवर ढकललं. शेवटी बोट कुणाकडं वळलं? गोठ्याकडं.

आणि तेव्हा आल्या ज्ञानेश्वरी मॅडम.

कॉलेजची सगळी वायफाय, केबली, कॉम्प्युटर आता यांच्या ताब्यात. पाथर्डी तालुक्यातल्याच शेतकऱ्याच्या घरातल्या. शिकून पुण्याला नोकरी केली आणि परत आल्या. शिडीवर स्वतः चढायच्या, दातात स्क्रू धरायच्या आणि पोरांनी चावटपणा केला तर शिडीवरूनच असा टोला हाणायच्या की पोरगं आठवडाभर त्या रस्त्यानं जायचं नाही. मला पहिल्या दिवसापासून आवडल्या.

त्यांनी सगळ्या कॉलेजला नवं वायफाय आणलं. त्याचं कुलूप दोन्ही बाजूंनी. एक म्हणजे ज्याचा त्याचा परवलीचा शब्द वेगळा, दारावर खडूनं लिहायची सोयच नाही. दुसरं म्हणजे, आत शिरणाऱ्यानंही आधी दाराला विचारायचं, 'तू खरंच आमच्या कॉलेजचं दार आहेस ना? दाखव तुझं ओळखपत्र.' कारण लबाड लोक खोटंच दार उभं करतात आणि तुम्ही शब्द सांगितला की चोरून पळतात. दारानं खरं ओळखपत्र दाखवलं, तरच आपला शब्द सांगायचा. कसलं डोकं बघा! बाजारात जाताना तुमची आई सांगते तेच. ओळख पटल्याशिवाय नाव-गाव सांगायचं नाही.

पण या नव्या कुलपापुढं आम्ही जुनी मंडळी अडकलो. ग्रंथालयातला एक ठोकळा आणि माती तपासायच्या खोलीतला एक, दोघं पहिल्याच फेरीत दमले. उरलो मी. आणि वरून हुकूम आला: दसऱ्यानंतर जुनं वायफाय बंद, जुनी यंत्रं भंगारात, सगळ्या नोंदी नव्या फोनवर.

हुकूम घेऊन गोठ्यात आले काकासाहेब. हे आमचे भांडारप्रमुख. पोट पुढं, मिशी वर, आणि बोलणं असं की रागावले की चेष्टा करतायत ते कळायला वेळ लागतो. त्यांनी पिशवीतून नवा कोरा फोन काढला. नुसती काच! बटण औषधालासुद्धा नाही.

"घ्या गोजरबाई. शिर्डीला साईबाबांच्या पायावर घालून आणलाय."

गोजरबाईनं पदराला हात पुसले आणि बोट टेकवलं. काही नाही. परत टेकवलं. फोन ढिम्म.

"दाबू नका ओ. हळूच. फुलाला हात लावल्यासारखं."

"फुलाला लावते तसाच लावला, भाऊ. फूलबी हलतंय. ह्येच हलंना."

"बोट जरा ओलं करून बघा."

ओलं केलं. मग फोनच्या अंगात आलं! एकावर एक काय काय उघडलं आणि कुणालातरी व्हिडिओ कॉल लागला. पलीकडून आवाज आला, "कोण बोलतंय?" ते होते प्राचार्य. आणि त्यांच्या पडद्यावर होतं चंद्रीचं ओलं नाक.

काकासाहेबांनी झटकन फोन बंद केला. सगळे हसले, गोजरबाई पण हसली. मग हसणं थांबलं.

त्या काचेला तिचं बोट बोटच वाटत नव्हतं. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही तीच गत.

"माझं काही वैर नाही गोजरबाई," काकासाहेब हळू आवाजात म्हणाले. "पण दूध काढणाऱ्यानंच नोंद करायची असा नियम आहे. नोंद जमली नाही तर गोठ्यावर दुसरा माणूस द्यावा लागंल."

"आन मी?"

"बघू की. कुठंतरी."

'बघू' म्हणजे काय, ते गोजरबाईला चांगलं ठाऊक. संध्याकाळी ऊसतोडीच्या मुकादमाचा, बिभीषणचा फोन आला. तिनं मला कमरेला खोचलं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"काय गोजराक्का, औंदा टोळीत कोयता धरू का तुमचा? दसरा झाला की गाड्या भरतोय."

"दसऱ्यापरेंत थांबा. मंग सांगते."

"पोरीलाबी आना. सैपाकपान्याला हुईल."

गोजरबाईनं फोन ठेवला आणि कितीतरी वेळ चंद्रीच्या मानेवर हात फिरवत उभी राहिली. पूजाची दहावी, तिचं शाळेतलं बाक, सगळं आता माझ्या एका 'टूंक'वर येऊन बसलं होतं. मी तर आधीच जड यंत्र. त्या दिवशी अजून जड झालो.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई मला पदरात गुंडाळून ज्ञानेश्वरी मॅडमकडं घेऊन गेली. काकासाहेब तिथं आधीच चहा पीत बसलेले.

"मॅडम, सोपं सांगू का?" काकासाहेब म्हणाले. "गोठ्यापुरतं कुलूपच काढून टाका. म्हशी काय हॅकर आहेत का?"

"म्हशी नाहीत हो, काकासाहेब. म्हशींना टेकून बसणारे आहेत."

"मग टाका भंगारात. जुनं ते सोनं म्हणता म्हणता माझं भांडार म्हणजे पत्र्याचा बाजार झाला."

"कुलूप काढणार नाही, आणि ठोकळाबी टाकणार नाही," मॅडम म्हणाल्या आणि मला उलटसुलट करून बघायला लागल्या. "मावशी, हा ठेवून जा माझ्याजवळ."

मित्रांनो, तुम्हाला सांगतो, मला आजवर पुष्कळांनी हातात घेतलं, पण असं कुणी वाचलं नव्हतं. मला नवं काय येत नाही, हे त्यांनी विचारलंच नाही. जुनं काय काय येतं, ते विचारत बसल्या. आणि निघालं की! दाराला ओळखपत्र विचारायची अक्कल माझ्या पोटात पहिल्यापासून होती, फक्त कुणी वापरली नव्हती. कॉलेजच्या ओळखपत्रावर कुणाचा शिक्का असतो, तो त्यांनी मला दाखवून ठेवला, म्हणजे खरंखोटं मला कळावं. मग माझ्यासारख्यांसाठी वायफायवर एक वेगळी वाट काढली.

ती वाट त्यांनी गोजरबाईला अशी समजावली: "मावशी, मोठ्या रस्त्याच्या कडंनं बैलगाडीची चाकोरी असते ना, तशी ही. हिच्यावरून फक्त दूध जाणार. उद्या एखादा चोर या चाकोरीनं आलाच, तर दुधाच्या आकड्यापाशी येऊन भिंतीला डोकं आपटंल. पुढं ऑफिसात जायला रस्ताच ठेवला नाही."

"म्हंजी दार उघडंबी न्हाई आन आमी भायेरबी न्हाई."

"हां! बरोबर."

त्या संध्याकाळी नव्या वायफायवरून मी चंद्रीचं दूध पाठवलं. टूंक! मॅडमनी टेबलावर थाप मारली. काकासाहेब म्हणाले, "आज झालं ठीक आहे. दसरा झाल्यावर मी येतो. प्राचार्यांना सांगायच्या आधी माझ्यासमोर चालला पाहिजे." गोजरबाईनं मला कपाळाला लावलं. आता संपलं सगळं, असं तुम्हाला वाटलं ना? मलाही तसंच वाटलं.

मधे आली खंडेनवमी.

तुमच्या घरी त्या दिवशी हत्यारं, अवजारं पुजत असतील. विळा, कुऱ्हाड, पाना, गाडी, सगळ्यांना धुऊन पुसून हळदकुंकू. आणि त्या दिवशी अवजाराला काम सांगायचं नाही, विश्रांती द्यायची. गोजरबाई तर यात एकदम कडक. पेंडीच्या खोलीत तिनं सारवून पाट मांडला. कडबाकुट्टीचं पातं, विळा, कासंड्या, घरून आणलेला तिचा जुना कोयता, आणि सगळ्यांच्या मधे मी. दरवर्षी मला मधली जागा, लाडका आहे मी.

औंदा तर तिनं माझी पूजा जास्तच मनापासून केली. तुम्हीच सांगा, का नाही करणार? पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हळद, तिच्यावर ठसठशीत कुंकू, त्याच्यावर तांदूळ. शेजारी गुळाचा खडा, तोही जरा माझ्या तोंडाला टेकवला. आणि खरी विश्रांती मिळावी म्हणून माझ्या पाठीचं झाकण उघडून बॅटरी बाहेर काढली. बॅटरीलासुद्धा हळदकुंकू!

"निज रं बाबा आजच्या दिस. लई राबतो."

त्या दिवसाचं दूध तिनं खडूनं भिंतीवर लिहिलं. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर बॅटरी परत बसवली. मी उठलो, ताजातवाना, कपाळावर कुंकू, तोंडात गुळाची चव. आणि नव्या वायफायच्या दारात जाऊन उभा राहिलो.

दारानं ओळखपत्र दाखवलं. मी बघितलं, आणि म्हणलं, चल हट! खोटारड्या!

मी शब्द सांगितलाच नाही. परत ओळखपत्र, परत मी म्हणलं, खोटं. रात्रभर हेच. माझ्या पडद्यावर एकच ओळ: 'जोडता येत नाही.'

आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब आले. काखेत भंगाराचं पोतं. गोजरबाईनं चंद्रीच्या बिल्ल्यासमोर मला धरलं. टूंक झालं, पण दूध काही जाईना. तिनं परत दाबलं. परत. तिची बोटं पहिल्यांदाच बटणांवर अडखळली.

"परवापरेंत चांगला हुता की ओ!"

"वय झालंय त्याचं," काकासाहेब म्हणाले. पोतं मात्र त्यांनी अजून उघडलं नव्हतं. मान खाली घालून उगीच पोत्याची सुतळी सोडत आणि बांधत होते.

तेवढ्यात गोजरबाईच्या फोनवर बिभीषणचं नाव. वाजत राहिला. तिनं उचलला नाही.

मॅडम धावत आल्या, गोठ्यातच वैरणीच्या पेंढीवर बसल्या आणि लॅपटॉप उघडला. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अरे, हे बघा काय! मला वाटलं वायफाय याला आत घेत नाही. उलटं आहे. वायफाय म्हणतंय ये. हाच म्हणतोय, तू खोटं."

"शानाच हाय!" काकासाहेब म्हणाले. "भंगारात जायची पाळी आलीय आन वर तोरा बघा."

"शिक्का तर मी याला दाखवलाय. मग खोटं का म्हणतोय?" मॅडम स्वतःशीच पुटपुटल्या. एकदम थांबल्या. "याचं घड्याळ. तारीख कुठं दिसते याची?"

तारीख दिसते माझ्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात. बाकीची सेटिंगची पानं कंपनीनं कुलूप लावून ठेवलेली. आणि त्या कोपऱ्यात होतं काय? हळद, कुंकू आणि तांदूळ, वाळून खपली झालेले.

मॅडमनी ओढणीचं टोक पुढं केलं.

"म्याडम, पुसू नगा!" गोजरबाई कळवळली. "नवमीचं कुंकू हाय. पुसत न्हाईत. आपसूक जाऊ द्यावं लागतं. आधीच इघडलंय, अजून इघडंल."

दुसरं कुणी असतं तर म्हणलं असतं, कसलं काय, द्या इकडं. नोकरी चाललीय आणि कुंकवाचं घेऊन बसलात! मॅडमनी ओढणी मागं घेतली.

"खरंय मावशी. आमच्या घरीबी नांगराचं पुसत नाहीत." एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा चंद्रीकडं. मग हळूच त्यांच्या डोळ्यांत चमक आली, अगदी माझ्या आवडीची, खोडी काढायच्या आधी येते ती. "मावशी, माणसानं पुसायचं नाही. पण गाईनं चाटलं तर?"

गोजरबाईनं क्षणभर विचार केला. "गाईला कोन बोलनार?"

मॅडमनी मला उचललं आणि चंद्रीच्या तोंडापुढं धरलं. घाम होताच, त्यात गूळ. चंद्रीनं जीभ काढली ती एकदाच, पण काय जीभ! हळद, कुंकू, तांदूळ, सगळं प्रसाद म्हणून गिळलं, आणि वर मॅडमचा हातही चाटला.

माझा कोपरा लख्ख झाला. तिथं लिहिलं होतं, एक जानेवारी, दोन हजार.

मॅडम जे हसत सुटल्या! वैरणीवर आडव्याच झाल्या.

"मावशी, पूजेला याची बॅटरी काढली होती का?"

"मंग? दरसाली काढते. हत्याराला इसावा नको व्हय?"

"पाहिजे की. पण याच्या पोटात बटणाएवढी दुसरी एक बॅटरी असते, घड्याळ चालू ठेवणारी. ती कधीच मेलीय. मोठी काढली की हा तारीख-वार विसरतो आणि उठतो तो थेट सन दोन हजारात."

"आं? दोन हजारात? तवा तर माझं लगीनबी न्हवतं झालं!"

"आणि वायफायचं ओळखपत्र आत्ताचं. हा म्हणतोय, तू अजून जन्मालाच यायचायस, तुझ्यावर विश्वास कसा ठेवू? जुनं वायफाय काही विचारायचंच नाही, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. त्या दिवशी मी लॅपटॉपला जोडला तेव्हा याची तारीख आपोआप लागली, म्हणून तेवढा चालला. अहो, हा चुकला नाही. याच्या हिशोबानं याचंच बरोबर आहे. पक्का राखणदार आहे!"

ऐकलंत? राखणदार! मित्रांनो, त्या साली तर मी स्वतःसुद्धा जन्मलेलो नव्हतो. पण घड्याळ सांगेल ते खरं, एवढंच मला माहीत. माझ्या अडाणीपणातूनही इमानदारी शोधून काढणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

मॅडमनी नखानं तारीख दाबली, आजची केली आणि मला गोजरबाईच्या हातात दिलं.

"तुम्हीच करा, मावशी."

गोजरबाईनं चंद्रीचा कान धरला. माझा लाल दिवा पिवळ्या बिल्ल्यावर पडला. टूंक. तिनं न बघता आकडे दाबले. दारानं ओळखपत्र दाखवलं, मी नीट बघितलं, शिक्का खरा, तारीख खरी. म्हणलं, हां, आता कसं! आणि शब्द सांगून टाकला.

"आलं!" लॅपटॉपकडं बघत मॅडम ओरडल्या. "चंद्रीचं दूध आलं!"

काकासाहेबांनी पोत्याची घडी घातली आणि तिच्यावरच बसले. "चला. आज भंगारवाल्याला उपास."

गोजरबाईनं फोन काढला. तिचा फोन पण माझ्याच जातीचा, बटणांचा. बिभीषणचा नंबर लावला.

"बिभीषनभाऊ? व्हय, मीच. औंदा माझा कोयता धरू नगा. … न्हाई, पोरगीबी न्हाई. तिची दहावी हाय." फोन ठेवला, पदर डोळ्याला लावला आणि लगेच चंद्रीवर खेकसली, "काय बघती? पाय सरळ ठिव!"

त्यानंतर काकासाहेब स्वतः मला शेवगावला घड्याळजीकडं घेऊन गेले. घड्याळजीनं माझ्या पोटातली बटणबॅटरी बदलली. "एवढं जुनं कशाला सांभाळता?" असं त्यानं विचारलं, तर काकासाहेब मिशीला पीळ देत म्हणाले, "राखनदार हाय आमचा." बघा! शब्द मॅडमचा, मिशी यांची.

मॅडमचं तर काय सांगू. ग्रंथालयातला आणि मातीच्या खोलीतला ठोकळा, दोघांना त्यांनी परत उठवलं आणि त्याच चाकोरीवर आणलं. एक ठोकळा चार्जच होत नव्हता, दुसऱ्याच्या पोटात मुंग्यांनी घर केलं होतं. मोठ्या वायफायचं कुलूप त्यांनी तसूभरही ढिलं केलं नाही, आणि आमच्यातला एकही बाहेर ठेवला नाही. हे दोन्ही एकदम करायला काय लागतं, ते मी बघितलंय. आधी समोरच्याला नीट बघायला लागतं, मग तो यंत्र असो नाहीतर गोजरबाई.

आता मी म्हातारा झालोय. माझं एक बटण रुसून बसलंय, पडद्याला चीर गेलीय. एखाद दिवशी मी कायमचा गप होईन, त्याचं मला वाईट वाटत नाही. कुणीतरी बटणांचा नवा ठोकळा येईल, गोजरबाईच्या बोटांना ओळखणारा. मॅडमनी कंपन्यांना विचारायला सुरुवात केलीय. पूजा दहावीची पुस्तकं घेऊन संध्याकाळी गोठ्यातच येऊन बसते, पेंडीच्या खोलीच्या दाराला टेकून. त्याच दारावर एकेकाळी परवलीचा शब्द लिहिलेला होता. आता तिथं ती खडूनं गणितं सोडवते.

तर मित्रांनो, जुनं यंत्र नीट चालेना तर लगेच पोतं आणू नका. त्याच्या डोक्यात कोणतं साल चाललंय, ते आधी बघा. आणि जुन्याची दया आली म्हणून घराचं दारही सताड उघडं टाकू नका. कडेनं एक चाकोरी काढा, जरा डोकं लागतं, पण निघते.

आणि येत्या खंडेनवमीला आमची पूजा जरूर करा. हळद लावा, कुंकू लावा, गुळाचा खडासुद्धा चालेल. फक्त बॅटरी पोटात राहू द्या, आणि कुंकू पाठीवर लावा. गोजरबाई आता तसंच करणार आहे. तोंडावर लावलंत तर मग तुमची तुम्ही गाय शोधा. आमची चंद्री परगावी जात नाही.